पट्टी बीनला कन्स्ट्रक्टर दिला आणि जेएसपी आडवी झाली

मार्केटयार्डी

मंडळी, जरा मदत हवी आहे. शाहू मार्केट यार्डातल्या एका गूळ अडत दुकानाचं सॉफ्टवेअर आमच्याकडं आहे. जुनं काम, टॉमकॅट ९ वर चालतं, पानं सगळी जेएसपी (एचटीएमएलमध्ये जावा मिसळून सर्व्हरवर तयार होणारी). शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या गुळाचा हिशेब) काढायच्या पानावर यूजबीन टॅग आहे, म्हणजे पानासाठी बीन (गेटर-सेटरवाला ऑब्जेक्ट) उभा करणारा, स्कोप सेशन. त्याच्या खाली सेटप्रॉपर्टी, त्यात प्रॉपर्टी म्हणून नुसतं तारांकन. म्हणजे फॉर्ममधलं जे नाव बीनमधल्या नावाशी जुळेल ते आपोआप भरलं जातं.

पट्टी हा अगदी साधा क्लास. शेतकरी, रवे, वजन, दर, अडत, हमाली, तोलाई आणि त्यांचे गेटर-सेटर. कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार होताना चालणारा कोड) कुणी लिहिलेलाच नव्हता. आता मोबाइल ॲपसाठी स्प्रिंग बूटमध्ये वेगळी एपीआय करतोय आणि हाच क्लास तिथंही वापरायचा आहे. सात-सात सेटर मारत बसण्यापेक्षा म्हणून सगळ्या फील्डांचा एक कन्स्ट्रक्टर लिहिला. कंपाइल झालं, टेस्ट हिरव्या. वॉर (सगळं ॲप बांधलेली फाइल) सर्व्हरवर चढवली आणि पट्टीचं पान उघडलं की ५००. लॉगमध्ये जॅस्परएक्सेप्शन (जॅस्पर म्हणजे टॉमकॅटचा जेएसपी चालवणारा भाग), मजकूर असा की यूजबीनच्या क्लास ॲट्रिब्यूटची व्हॅल्यू इनव्हॅलिड आहे.

पॅकेजचं नाव बरोबर आहे, क्लास फाइल वेब-इन्फच्या क्लासेसमध्ये जागच्या जागी आहे, स्पेलिंग तपासून झालं. इनव्हॅलिड म्हणजे नक्की काय इनव्हॅलिड? पाडव्याला सौदे सुरू व्हायच्या आत हे उभं राहायला पाहिजे.

उद्यमनगर_लेथ

भावा, रिकामा कन्स्ट्रक्टर टाक आन् मोकळा हो. पब्लिक पट्टी, कंस उघडा, कंस बंद, महिरपी कंसात काय न्हाई. एका ओळीचं काम हाय. पॅकेज बघत बसलास तर पाडवा काय, संक्रांत उजाडंल.

जुनाजावावाला

वरचं उत्तर बरोबर आहे, पण कारण समजलं नाही तर पुढच्या क्लासला परत हाच धागा निघेल, म्हणून थोडं लिहितो.

तुमच्या पट्टीला कन्स्ट्रक्टर नव्हता असं तुम्हाला वाटत होतं. होता. क्लासमध्ये एकही कन्स्ट्रक्टर लिहिलेला नसेल तर कंपायलर स्वतः एक देतो. त्याला काही पॅरामीटर नसतात आणि तो फक्त सुपरचा रिकामा कन्स्ट्रक्टर बोलावतो. तुम्ही स्वतःचा एक लिहिलात त्या क्षणी कंपायलरनं हात काढून घेतला. त्यामुळं सात पॅरामीटरवाला आहे आणि बिनपॅरामीटरचा गेला. जेडीकेमधलं जावापी हे टूल त्या क्लास फाइलवर चालवून बघा, आधीच्या आणि आताच्या. फरक डोळ्यांनी दिसेल.

आता कंटेनरला, म्हणजे टॉमकॅटला, तुमचा सात पॅरामीटरचा का चालत नाही? त्याच्या बाजूनं बघा. ब्राउझरकडून त्याच्याकडं येतात नावं आणि मजकूर: दर बरोबर ४२००, हमाली बरोबर ६०. कन्स्ट्रक्टरकडं बघितलं तर त्याला दिसतं स्ट्रिंग, इंट, डबल, डबल, डबल, डबल, डबल. यातला कुठला डबल दर आणि कुठला हमाली? पॅरामीटरची नावं क्लास फाइलमध्ये ठेवायची अधिकृत सोय आली जावा ८ मध्ये, म्हणजे २०१४ साली, आणि तीही कंपायलरला वेगळा पर्याय दिला तरच. त्याआधीची सगळी फ्रेमवर्कं एकाच वाटेनं गेली: आधी ऑब्जेक्ट रिकामा उभा करायचा, मग सेटरच्या नावावरून एकेक किंमत आत घालायची. सेटरचं नाव क्लास फाइलमध्ये कायम असतं, तेवढाच भरवसा.

ही पद्धत मुळात वेबसाठी निघालेलीच नाही. सननं जावाबीन्सचं स्पेसिफिकेशन १९९६ च्या डिसेंबरात काढलं ते व्हिज्युअल टूलसाठी. बटण ओढून फॉर्मवर टाकायचं, शेजारच्या खिडकीत त्याचा रंग, त्याचा मजकूर बदलायचा. बटण टाकलं त्या वेळी टूलला त्याच्याबद्दल काहीच माहीत नसतं, म्हणून रिकामा कन्स्ट्रक्टर. १९९९ मध्ये जेएसपी १.० आली तिनं हीच पद्धत यूजबीन म्हणून उचलली. तिथून पुढं सगळ्यांनी. सर्व्हलेटचंही (सर्व्हरवर रिक्वेस्टला उत्तर देणारा क्लास) तेच, कंटेनर त्याला रिकाम्या कन्स्ट्रक्टरनं उभा करतो आणि माहिती द्यायची ती इनिटमधून देतो.

एरर मेसेज मात्र फसवा आहे, त्याबद्दल दुमत नाही. जॅस्पर पान ट्रान्सलेट करताना बघतो की क्लास पब्लिक आहे का, ॲब्स्ट्रॅक्ट नाही ना, आणि पब्लिक बिनपॅरामीटर कन्स्ट्रक्टर आहे का. यातलं काहीही नसलं तरी एकच वाक्य तोंडावर मारतो. क्लास सापडलाच नाही तरी तेच. म्हणून सगळे पॅकेज तपासत बसतात.

मार्केटयार्डी

धन्यवाद दोघांनाही. रिकामा टाकला, सर्व्हरवरचं पान उघडलं. पण एक कोडं राहिलं. माझ्या स्वतःच्या मशिनवर याच कोडला वेगळाच एरर येत होता. तिथं जॅस्परएक्सेप्शनच्या आत नोसचमेथडएरर होता आणि इनव्हॅलिडबिनव्हॅलिड काही नव्हतं. एकच क्लास, एकच पान, मग दोन एरर कसे?

जुनाजावावाला

तुमच्या मशिनवर तुम्ही वॉर न चढवता नुसती क्लास फाइल बदलली असणार. जेएसपी फाइल बदलली नाही म्हणून जॅस्परनं पान परत ट्रान्सलेट केलं नाही, वर्क फोल्डरमधला जुनाच सर्व्हलेट चालला. त्या जुन्या सर्व्हलेटमध्ये सरळ न्यू पट्टी असं लिहिलेलं आहे. तो चालवायला गेला आणि कन्स्ट्रक्टर जागेवर नाही, म्हणून नोसचमेथड. सर्व्हरवर नवी वॉर गेली, पान नव्यानं ट्रान्सलेट झालं आणि तपासणीतच अडलं.

वर्क फोल्डरमधली ती जनरेट झालेली जावा फाइल उघडून एकदा वाचाच. जेएसपी शिकवणाऱ्यांनी पहिल्या दिवशी ती दाखवली पाहिजे असं माझं जुनं मत आहे.

शेवटचंवर्ष

जरा बेसिक प्रश्न आहे, चालेल ना? कॅम्पसच्या इंटरव्ह्यूत विचारलं होतं, डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर आणि नो-आर्ग कन्स्ट्रक्टर यांत फरक काय. मी म्हटलं एकच. ते नुसते हसले. आमच्या नोट्समध्ये पण एकच लिहिलंय.

कळंबा_रोड

हसण्यासारखं काही नव्हतं, निम्मी इंडस्ट्री दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरते. हायबरनेट या डेटाबेसच्या लायब्ररीचा एरर मेसेजसुद्धा नो डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर असाच येतो.

पण कामाला येणारा फरक आहे. कंपायलरनं दिलेल्याचा ॲक्सेस क्लासच्या ॲक्सेसइतकाच असतो. क्लास पब्लिक असला तर तो पब्लिक. क्लासपुढं पब्लिक लिहायचं राहिलं तर तोही पॅकेजपुरता. मग तू म्हणणार कन्स्ट्रक्टर आहे, आणि जेएसपी म्हणणार मला तर दिसत नाही, दोघंही खरं बोलताय. हातानं लिहिलेल्याला तू हवा तो ॲक्सेस देऊ शकतोस.

दुसरी फसण्याची जागा, क्लासच्या आत लिहिलेला क्लास. स्टॅटिक न लावता आतला क्लास लिहिलास तर त्याच्या प्रत्येक कन्स्ट्रक्टरला बाहेरच्या ऑब्जेक्टचा एक लपलेला पॅरामीटर असतो. सोर्समध्ये रिकामा दिसतो, रिफ्लेक्शननं (प्रोग्रॅम चालू असताना क्लासची रचना वाचून) बघितला तर एक पॅरामीटरवाला निघतो. रिक्वेस्टचा डीटीओ (नुसता डेटा वाहून नेणारा क्लास) कंट्रोलरच्या आतच लिहायची सवय असलेल्यांना जॅक्सन, म्हणजे जेसन वाचणारी लायब्ररी, इथं हमखास अडवतो. स्टॅटिक लावलं की झालं.

उद्यमनगर_लेथ

ताईनं सांगितलं त्यात आमची एक भर. सगळ्या बीनांचा बाप म्हणून एक बेसरेकॉर्ड क्लास हुता. त्येला कुणीतरी कंपनी कोड घेणारा कन्स्ट्रक्टर लावला, रिकामा ठेवला न्हाई. खालची सगळी पोरं कंपाइलच व्हायची बंद. कारण पोराचा डिफॉल्ट बापाच्या रिकाम्याला हाक मारतोय, आन् बाप जाग्यावर न्हाई. पर त्ये एक बरं, कंपायलरनं लगेच धरलं. मार्केटयार्डीगत रनटाइमला नसतं मरायचं.

आमच्यात फाउंड्रीवाल्यांना मी असं सांगतो: आधी रिकामा साचा, मग रस. फ्रेमवर्कला साचा पाहिजे, तू त्येच्या हातात डायरेक्ट कास्टिंग देऊन चालत न्हाई.

मार्केटयार्डी

साचा आवडला. आता भाग दोन. ऑफिसमध्ये एकानं सुचवलं की एवढं हातानं कशाला, लॉम्बॉक (गेटर-सेटर आपोआप बनवणारी लायब्ररी) लाव. मी सगळे गेटर, सेटर, दोन्ही कन्स्ट्रक्टर काढले, क्लासवर डेटा आणि बिल्डर अशी दोन ॲनोटेशन लावली. एपीआयमध्ये बिल्डरनं पट्टी तयार करायला झकास. पण जेएसपीचं पान परत त्याच इनव्हॅलिडवर आलं, आणि मोबाइलकडून जेसन आला की जॅक्सन म्हणतो कॅनॉट कन्स्ट्रक्ट इन्स्टन्स, नो क्रिएटर्स लाइक डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर.

शिवाय एक नवीन फील्ड घातलं, ई-नामच्या (सरकारी ऑनलाइन शेतमाल बाजाराच्या) लॉटचा नंबर. नाव दिलं ई-नाम-लॉट सलग, पहिला ई लहान, एन मोठा, एल मोठा. तो जेएसपीत प्रॉपर्टी नॉट फाउंड, आणि जेसनमध्ये तिसऱ्याच नावानं जातोय. रोखीचा व्यवहार आहे का, हे बुलियनही जेएसपीत सापडत नाही. ते फील्ड मी मोठ्या बीचं बुलियन घेतलंय आणि त्याचा लॉम्बॉकचा गेटर बंद करून इज-रोख असा हातानं लिहिलाय, बाकी सगळं लॉम्बॉकचं.

कळंबा_रोड

एकेक घेते.

बिल्डर ॲनोटेशन एकटं लावलं की लॉम्बॉक सगळ्या फील्डांचा एक कन्स्ट्रक्टर तयार करतं, तोही पॅकेजपुरता. म्हणजे कालचीच कथा: क्लासमध्ये एक कन्स्ट्रक्टर आला, कंपायलरनं रिकामा दिला नाही. फक्त या वेळी तो तुम्हाला सोर्समध्ये दिसत नाही एवढंच. वर नोआर्गस् कन्स्ट्रक्टरचं ॲनोटेशन लावा. ते एकटं लावलं तर बिल्डर कंपाइल होणार नाही, कारण त्याला सगळ्या फील्डांचा लागतो आणि आता लॉम्बॉक तो आपणहून देत नाही. म्हणून ऑलआर्गस् पण लावा. चार ॲनोटेशनची ही उतरंड बऱ्याच प्रोजेक्टांत दिसेल. कारण न कळता एकमेकांचं बघून लावलेली असते.

ई-नाम-लॉटचं प्रकरण जास्त गमतीचं आहे. प्रॉपर्टीचं नाव फील्डवरून ठरतच नाही, गेटर-सेटरवरून ठरतं. लॉम्बॉकनं ई मोठा करून गेटर बनवला, म्हणजे गेटच्या पुढं मोठा ई, मोठा एन. जावाच्या इंट्रोस्पेक्टरचा (गेटर-सेटरवरून प्रॉपर्टी ओळखणारा भाग) नियम असा की गेट काढून उरलेल्या नावाचं पहिलं अक्षर लहान करायचं, पण पहिली दोन्ही अक्षरं मोठी असतील तर हात लावायचा नाही. गेटयूआरएल असेल तर प्रॉपर्टी यूआरएल सगळी मोठीच राहावी म्हणून हा अपवाद. त्यामुळं जेएसपीच्या लेखी तुमच्या प्रॉपर्टीत ई मोठा आहे. जॅक्सनचा मूळ नियम वेगळा, तो सुरुवातीची सगळी मोठी अक्षरं लहान करत सुटतो, म्हणून जेसनमध्ये ई पण लहान, एन पण लहान. आणि आयडीईकडून गेटर बनवून घेतला असता तर त्यानं गेटच्या पुढं ई लहानच ठेवला असता, कारण इंट्रोस्पेक्टरचा नियम त्याला माहीत असतो. एकाच फील्डाला तीन ठिकाणी तीन नावं.

लॉम्बॉकला बीनस्पेकप्रमाणे नावं कर असं सांगायची सेटिंग आता आहे. माझा सल्ला मात्र साधा: पहिलं अक्षर लहान आणि दुसरं मोठं असं फील्डचं नाव ठेवूच नका. सलग इनामलॉट लिहा, वाचताना कुणाला इनाम लागलं असं वाटलं तरी चालेल.

बुलियनचं: इज ने सुरू होणारा गेटर इंट्रोस्पेक्टर फक्त लहान बीच्या, प्रिमिटिव्ह बुलियनसाठी धरतो. मोठ्या बीच्या बुलियनला गेट-रोखच पाहिजे. जॅक्सनला दोन्ही चालतात, म्हणून एपीआयच्या टेस्टमध्ये हे कधी सापडत नाही.

आणि हो, लॉम्बॉकमध्ये चेनवाले सेटर चालू केले असतील तर बंद करा. सेटरनं व्हॉइडच परत दिलं पाहिजे. धिस परत देणारा सेटर जेडीकेचा इंट्रोस्पेक्टर सेटर म्हणून मोजत नाही, प्रॉपर्टी नुसती वाचायची होऊन बसते.

शेवटचंवर्ष

मग फील्डांची नावं सरळ मराठीत ठेवली तर? लहान-मोठ्याची भानगडच नाही. सिरियसली विचारतोय.

जुनाजावावाला

सिरियसलीच सांगतो, चालतं. जावाच्या आयडेंटिफायरमध्ये देवनागरी अक्षरं, काना-मात्रा, हलन्त सगळं मान्य आहे. फील्ड वजन, गेटर म्हणजे रोमन गेटला चिकटून देवनागरी वजन. इंट्रोस्पेक्टर गेट काढतो, व लहान करायला जातो, देवनागरीत लहान-मोठं नाहीच, प्रॉपर्टी वजन. ई-नामचा घोळ मुळातच संपला. फक्त फाइल यूटीएफ-८ मध्ये ठेवा आणि कंपायलरला तसं सांगा. जेडीके १८ पासून ते न सांगताच धरलं जातं, त्याआधी विंडोजवर प्रश्नचिन्हांची रांग निघायची.

ग्राहकाच्या कामात मात्र करू नका. तुमच्यानंतर तो कोड कोण सांभाळणार आणि त्याच्या कीबोर्डवर काय आहे, कुणास ठाऊक.

पुण्यातला_कोल्हापूरकर

धागा वाचून वाटलं २००४ मध्ये आलो. रेकॉर्ड का नाही वापरत कुणी? जावा १६ पासून पक्की सोय आहे, २०२१ ची गोष्ट. एका ओळीत क्लास, सगळी फील्डं फायनल, अर्धवट भरलेला ऑब्जेक्ट तयारच होऊ शकत नाही. जॅक्सनला २.१२ पासून रेकॉर्ड कळतात. स्प्रिंग एमव्हीसी ५ पासून फॉर्मसुद्धा कन्स्ट्रक्टरमधून भरतं. रिकामा कन्स्ट्रक्टर आणि सेटर ही त्या व्हिज्युअल टूलच्या काळातली सवय आहे, ती टूल्स गेली, सवय राहिली. सात सेटर असलेला ऑब्जेक्ट म्हणजे कुणीही कधीही येऊन बदलावा असा डेटा. पट्टीसारख्या पैशाच्या कागदाला हे शोभत नाही.

उद्यमनगर_लेथ

पुण्याला गेलं की माणसं रेकॉर्डच लावत्यात. मर्दा, त्येच्या जेएसपीचं काय करायचं त्ये सांग की. टॉमकॅट ९ हाय.

जुनाजावावाला

इथं उद्यमनगरच्या बाजूनं. रेकॉर्डचा ॲक्सेसर गेट-दर नसतो, नुसता दर असतो. टॉमकॅट ९ मधल्या एक्स्प्रेशन लँग्वेजला (ईएल, पानावर किमती दाखवायची छोटी भाषा) तो प्रॉपर्टी म्हणून दिसत नाही. कंसासकट मेथड म्हणून बोलावला तर चालतो, पण मग प्रत्येक पानावर कंस टाकत फिरा. रेकॉर्डची प्रॉपर्टी म्हणून ओळख जकार्ता ईएल ६.० मध्ये आली, आणि तिथं जायचं म्हणजे सगळ्या कोडमध्ये पॅकेजांच्या नावातलं जावाएक्सचं जकार्ता करणं आलं. यूजबीनला तर रेकॉर्ड चालणारच नाही, बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर नाही आणि सेटरही नाहीत. जेपीए एंटिटी (डेटाबेसच्या टेबलाशी जोडलेला क्लास) म्हणूनही नाही, कारण एंटिटीचा क्लास फायनल चालत नाही आणि रेकॉर्ड कायम फायनल.

कळंबा_रोड

पण पुण्यातला_कोल्हापूरकर यांचा मूळ मुद्दा सोडून देऊ नका. जेएसपीत चालत नाही हे खरं, म्हणून अर्धवट ऑब्जेक्टचा धोका खोटा होत नाही.

एका फाउंड्रीच्या बिलिंगचं काम आमच्याकडं आलं होतं, आधी दुसऱ्यांनी केलेलं. त्यांच्या बिलाचा क्लास बीन, दर हा प्रिमिटिव्ह डबल. एका फॉर्मवर दराच्या इनपुटचं नाव बदललं गेलं. सेटप्रॉपर्टीला ते नाव बीनमध्ये सापडलं नाही, आणि न सापडलेलं नाव तो मुकाट्यानं सोडून देतो, एरर नाही, लॉग नाही. डबलची सुरुवातीची किंमत शून्य. बिल छापलं गेलं: वजन बरोबर, दर ०.००, एकूण ०.००, खाली सही-शिक्का. गिऱ्हाइकानं फोन केला तेव्हा कळलं. ते गिऱ्हाईक प्रामाणिक होतं म्हणून कळलं.

रिकामा कन्स्ट्रक्टर दिला की तुम्ही जगाला सांगता की काहीच न भरलेली पट्टी हीसुद्धा पट्टीच. फॉर्मच्या बाबतीत ते खरं आहे, कोरा फॉर्म असतोच. छापायच्या पट्टीच्या बाबतीत खोटं आहे. मार्केटयार्डी, तुमची खरी अडचण इथं आहे. एकच क्लास तुम्ही फॉर्म म्हणूनही वापरताय, हिशेब म्हणूनही आणि जेसन म्हणूनही. फॉर्मला पट्टीफॉर्म नावाचा बीन करा, रिकामा कन्स्ट्रक्टर, सेटर, सगळं मोकळं. त्यात फील्डं इंटिजर आणि मोठ्या डीचं डबल घ्या, प्रिमिटिव्ह नको, म्हणजे न भरलेलं आणि शून्य भरलेलं यांत फरक राहतो. तपासणी झाली की त्यातून पट्टी तयार करा, तिला एकच कन्स्ट्रक्टर, त्यात दर नसेल किंवा शून्य असेल तर तिथंच एक्सेप्शन. तिला सेटर देऊच नका. गेटर ठेवलेत तर जेएसपीत दाखवायला काही अडत नाही, दाखवायला सेटर लागतच नाहीत.

उद्यमनगर_लेथ

म्हणजे एका पट्टीला दोन क्लास. ताई, आमच्याकडं असले साठेक फॉर्म हायत. प्रत्येकाला डबल लिहायचं म्हटलं तर मालक म्हणंल ह्या पोरांना काम न्हाई.

कळंबा_रोड

साठला नको. जिथं पैसा किंवा वजन कागदावर छापून बाहेर जातं तिथंच. गावाचं नाव, फोन नंबर बदलायच्या फॉर्मला नुसता बीन पुरतो.

आणि डेटाबेसला एंटिटी असेल तर तिसरा क्लास करायची गरज नाही. जेपीएला रिकामा कन्स्ट्रक्टर लागतो, पण तो पब्लिकच पाहिजे असं नाही, प्रोटेक्टेड चालतो. तो हायबरनेटपुरता ठेवायचा, आपल्या कोडसाठी पब्लिक असलेला पूर्ण पॅरामीटरवालाच. दुसऱ्या पॅकेजमधून कुणी न्यू पट्टी रिकामं लिहायला गेला की कंपायलर अडवतो.

पुण्यातला_कोल्हापूरकर

सहमत, हे मला मान्य. आणखी एक, त्या तारांकनाबद्दल. ब्राउझरकडून काय येईल हे तुमच्या हातात नसतं. फॉर्मवर अडतीचं इनपुट दाखवलं नाही म्हणून कुणी पाठवणार नाही असं थोडंच आहे. यूआरएलला अडत बरोबर शून्य चिकटवलं की सेट-अडत चाललाच. सेटर आहे म्हणजे बाहेरून भरता येतं, हा अर्थ धरून चला. पट्टीफॉर्ममध्ये माणसानं भरायची तेवढीच फील्डं ठेवली की हा प्रश्नही मिटतो.

मार्च २०२२ मधलं स्प्रिंगफोरशेल, स्प्रिंगच्या सुरक्षेतलं ते भगदाड, आठवतंय का? त्याच्या मुळाशी हीच पद्धत होती. प्रत्येक ऑब्जेक्टला गेटक्लास असतो, म्हणजे बीनच्या नियमानं क्लास नावाची प्रॉपर्टी प्रत्येकाला. क्लासमधून थेट क्लासलोडरकडं जायची वाट स्प्रिंगनं २०१० मध्येच बंद केली होती. जावा ९ मध्ये क्लासला गेटमॉड्यूल आला आणि मॉड्यूलमधून क्लासलोडरकडं नवी वाट उघडली. फॉर्मच्या पॅरामीटरमधून टॉमकॅटच्या लॉगिंगच्या सेटिंग बदलून सर्व्हरवर जेएसपी फाइल लिहून घेता येत होती. स्प्रिंग ५.३.१८ आणि ५.२.२० मध्ये दुरुस्त झालं.

मार्केटयार्डी

बाप रे. जेएसपीच्या तारांकनातूनही ते होतं का?

पुण्यातला_कोल्हापूरकर

नाही. सेटप्रॉपर्टी टिंबाच्या वाटेनं आत जातच नाही, आणि क्लासला सेटर नाही. तुम्हाला भीती अडतीच्या शून्याची.

शेवटचंवर्ष

स्प्रिंगमध्ये बीन बीन म्हणतात ते हेच का मग? सर्व्हिसला पण बीन म्हणतात आणि तिथं तर सर सांगतात कन्स्ट्रक्टरमधूनच द्या.

कळंबा_रोड

ते वेगळं. स्प्रिंगच्या कंटेनरनं सांभाळलेला कुठलाही ऑब्जेक्ट म्हणजे स्प्रिंगचा बीन, त्याला गेटर-सेटरची अट नाही. सर सांगतात ते बरोबर, कन्स्ट्रक्टर एकच असेल तर स्प्रिंग ४.३ पासून ऑटोवायर्डसुद्धा लिहावं लागत नाही. एंटरप्राइज जावाबीन्स आणखी तिसरं. नावांच्या बाबतीत जावावाले कधीच धड नव्हते.

मार्केटयार्डी

पट्टीफॉर्म वेगळा केला, पट्टीला एकच कन्स्ट्रक्टर ठेवला, लॉम्बॉकचं बिल्डर काढून टाकलं. एपीआयला रेकॉर्ड लावला, तिथं जेएसपीचा संबंधच नाही. ई-नाम आता इनामलॉट आहे.

एक शेवटचं. दुकानातले दिवाणजी सांगत होते, हमालीचा आकडा एकदा टाकला आणि मग पुसून परत सेव्ह केलं की जुनाच आकडा छापला जातो. शून्य लिहिलं तर बरोबर येतं, रिकामं ठेवलं तर नाही. रोखीची टिक काढली तरी रोखच राहतं. हे कन्स्ट्रक्टर बदलायच्या आधीपासून आहे म्हणे, त्यांनी सवयीनं शून्य लिहायला सुरुवात केलीय.

जुनाजावावाला

दिवाणजींनी बग नेमका सांगितला, तुमच्या टेस्टरपेक्षा बरा.

जेएसपीचा नियमच आहे: पॅरामीटरची किंमत रिकामी स्ट्रिंग असेल तर सेटप्रॉपर्टी त्या प्रॉपर्टीला हात लावत नाही. आणि टिक न केलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. आता यात स्कोप सेशन मिसळा. यूजबीन सेशनमध्ये बीन असेल तर तोच घेतो, नवीन करत नाही. म्हणजे कन्स्ट्रक्टर सेशनमध्ये पहिल्यांदाच काय तो चालला, पुढं सगळ्या पट्ट्या त्याच एका बीनवर लिहिल्या जातायत. मागच्या शेतकऱ्याची हमाली पुढच्याच्या पट्टीत जाऊ शकते, हे ध्यानात घ्या.

स्कोप रिक्वेस्ट करा. प्रत्येक सबमिटला नवा बीन, हमाली नल, रोख नल, आणि त्यावर तपासणी करून पट्टी. सेशनमध्ये काही ठेवायचंच असेल तर तयार झालेली पट्टी ठेवा, फॉर्म नको. ती सीरियलायझेबल करा, टॉमकॅट बंद होताना सेशन डिस्कवर लिहितो आणि चालू होताना परत वाचतो. तिला बाप क्लास असेल आणि तो सीरियलायझेबल नसेल, तर वाचताना त्या बापाचा रिकामा कन्स्ट्रक्टर लागतो, तुमच्या पट्टीचा नाही. बेसरेकॉर्डवाल्यांनी हे वाचून ठेवावं.

उद्यमनगर_लेथ

वाचलं. उद्या सकाळी पयलं त्येच बघतो, आमचं सेशन रिस्टार्टनंतर का उडतंय ते आत्ता कळलं.

मार्केटयार्डी

रिक्वेस्ट स्कोप केला. हमाली पुसली की आता रिकामी राहते आणि पट्टी तयार होतानाच अडते, कारण कन्स्ट्रक्टरमध्ये मी हमालीही सक्तीची केली होती. दिवाणजी म्हणतात शेतकऱ्यानं स्वतःची माणसं आणली तर हमाली नसतेच. तिथं नल ऐवजी शून्य धरायचं काम पट्टीफॉर्ममधून पट्टी करतानाच करतोय, दराला मात्र सूट नाही. उद्या दुपारी यार्डात जाऊन जुन्या वहीतल्या पट्ट्या घालून बघतो.